गाडी लंडनची, इंजिन अमेरिकेचं: सिडनी अलार्ड आणि मागच्या एक्सलचं गणित

माणगावहून श्रीवर्धनला निघालात की म्हसळ्याच्या अलीकडे घोणसे घाट लागतो. तिथे गाडी खालच्या गिअरवर कण्हत चढते. नंतर श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीमार्गे दिवेआगरला निघालं की समुद्राच्या कडेने तीच गाडी टॉप गिअरमध्ये आरामात पळते.

दोन्हीकडे गिअरबॉक्स सांभाळून घेतो. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक आकडा असतो, जो ड्रायव्हरला बदलता येत नाही. तो म्हणजे मागच्या एक्सलचा रेशो. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, त्याच्या दात्यांवर तो ठरतो.

रेशो ३.५ असेल तर प्रॉपेलर शाफ्ट साडेतीन वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरतं. चाकाचा घेर २ मीटर धरा आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय असं समजा. साध्या टॉप गिअरमध्ये गाडी ताशी साधारण १०३ किलोमीटर जाईल. रेशो ४.५ केला तर त्याच फेऱ्यांना वेग ८० वर येतो, पण चाकाला मिळणारा जोर वाढतो.

म्हणजे आकडा मोठा तर चढ सोपा, आकडा लहान तर वेग जास्त. जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवताना हे गणित नव्याने मांडावं लागतं. लंडनच्या एका माणसाचं सगळं आयुष्य याच कामात गेलं. त्याचं नाव सिडनी अलार्ड.

अलार्ड यांचा जन्म १९१० चा. तरुणपणीच ते घरच्या गॅरेजमध्ये आले. गॅरेजचं नाव अॅडलार्ड्स, आडनावाशी जुळणारं, पण तो निव्वळ योगायोग. तिथे फोर्डच्या गाड्या विकल्या जायच्या.

त्या काळात इंग्लंडमध्ये ट्रायल नावाच्या स्पर्धा असायच्या. चिखलाचा उभा चढ न थांबता चढायचा, एवढंच. १९३६ मध्ये अलार्ड यांनी फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची गाडी घेतली, तिला एका बुगाटीच्या बॉडीचा भाग जोडला आणि स्वतःची पहिली गाडी तयार केली. अशा चढावर वेगाला किंमत नसते, कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या जोराला असते. तो या इंजिनात भरपूर होता.

महायुद्धानंतर त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९४९ मध्ये ते ब्रिटनचे हिल क्लाइंब चॅम्पियन झाले. त्या गाडीत ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीचं, हवेवर थंड होणारं व्ही-८ इंजिन होतं.

याच सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकचं नवं ५.४ लिटरचं, १६० हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. अलार्ड यांची जे-२ ही हलकी स्पोर्ट्स कार इंजिनाविना जहाजावर चढायची आणि अमेरिकेत गिऱ्हाईक तिच्यात कॅडिलॅक किंवा क्रायसलरचं इंजिन बसवून घ्यायचा.

इथेच एक्सलचा प्रश्न यायचा. लहान इंजिन जास्त फेरे घेऊन ताकद देतं, म्हणून त्याला मोठा आकडा लागतो. मोठं व्ही-८ कमी फेऱ्यांवरच जोर देतं. त्याच्यामागे जुना मोठा आकडा तसाच ठेवला, तर इंजिनाचे फेरे लवकर संपतात, पेट्रोल जळतं आणि वेग मात्र वाढत नाही. उलट आकडा फारच लहान केला, तर सुटताना क्लच जळतो.

१९५० च्या ल मान शर्यतीत याची परीक्षा झाली. २४ तासांची शर्यत, त्यात जवळपास ६ किलोमीटरचा सरळ रस्ता. म्हणजे एक्सल वेगासाठीच निवडायचा. अलार्ड आणि टॉम कोल यांच्या कॅडिलॅक इंजिनाच्या गाडीला तीनच गिअर होते. शर्यत चालू असताना खालचे दोन गेले. उरला फक्त टॉप. प्रत्येक मंद वळणातून त्याच गिअरमध्ये गाडी ओढायची होती. लहान इंजिन तिथे दम तोडून बंद पडलं असतं. कॅडिलॅकच्या इंजिनाने ते निभावलं आणि गाडी तिसरी आली.

१९५२ मध्ये अलार्ड यांनी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, तीही स्वतःच्या कंपनीच्या गाडीत. पण धंदा टिकला नाही. जॅग्वारसारख्या मोठ्या कंपन्या स्वतःच्या इंजिनाच्या वेगवान गाड्या कमी किमतीत देऊ लागल्या. दशक संपता संपता अलार्ड गाड्या बनणं थांबलं.

तरी ते स्वस्थ बसले नाहीत. १९६१ मध्ये त्यांनी क्रायसलर इंजिनाची ड्रॅगस्टर बनवली, साधारण ४०० मीटरची सरळ शर्यत पळणारी. ब्रिटनमध्ये हा खेळ रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १२ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. त्याच रात्री क्लॅपहॅममधल्या कारखान्याला आग लागली आणि कंपनीची बरीच कागदपत्रं जळाली.

त्यांची कल्पना मात्र उरली. अलार्ड पळवलेल्या कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही-८ बसवून कोब्रा आणली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरनेही १९८५ मध्ये फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं इंजिन टाकून ११८ एनई काढली.

आज कुणी जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायला निघालं, तर आधी चर्चा होते ती हॉर्सपॉवरची. खरं तर आधी चाकाचा घेर मोजावा, नवं इंजिन किती फेऱ्यांवर जोर देतं ते पाहावं आणि गाडी जास्त घाटात चालणार की हायवेवर हे ठरवावं. क्राउन-पिनियन त्यानंतर निवडायचं.