जावऱ्याचे मास्तर : दादोबा पांडुरंग

तर्खडकर हे नाव उच्चारले की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना प्रथम आठवते ती भाषांतरपाठमाला. मराठी वाक्य द्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयास सांगावयाचे आणि धड्यामागून धडा नियम अंगवळणी पाडावयाचे, अशी ती पुस्तके. पण ते तर्खडकर म्हणजे द्वारकानाथ राघोबा. दादोबा पांडुरंग तर्खडकर त्यांच्या आधीचे, आणि त्यांची वाटचाल नेमकी उलट दिशेची. इंग्रजी शाळेत जे व्याकरण हाती आले त्याच्या उजेडात त्यांनी आपली स्वतःची भाषा न्याहाळली. पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणण्याचा प्रघात पडला. पदवी जरा मोठीच आहे, परंतु ज्या काळात मराठीला व्याकरण असते हेच पुष्कळांना पटत नव्हते, त्या काळाचा विचार केला म्हणजे ती दिलेल्यांचा राग येत नाही.

दादोबांचा जन्म 1814 च्या मे महिन्यात मुंबईस झाला. घराण्याचे मूळ वसईजवळच्या तर्खड गावचे. वडील पांडुरंग, आई यशोदा. मोरोपंतांच्या केकावलीवर दादोबांनी पुढे टीका लिहिली, तिला यशोदापांडुरंगी असे आईबापांचे नाव दिले, यावरून त्यांच्या मनाचा एक कोपरा दिसतो. शिक्षण मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत झाले. त्या पिढीच्या इंग्रजी व्याकरणावर लिंडले मरे या ग्रंथकाराचे राज्य होते. त्याचे पुस्तक 1795 साली निघाले आणि विलायतेपासून हिंदुस्थानपर्यंत मुलांनी ते घोकून पाठ केले. वर्ण, शब्द, वाक्य आणि छंद असे त्याचे चार भाग. नियम पाठ म्हणावयाचा आणि मग वाक्यातील एकेक शब्द उभा करून त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगावयाची. आपल्या शाळांतून व्याकरण चालविणे म्हणून जो प्रकार दीर्घकाळ होता, तो मोठ्या अंशी याच वर्गातून आला.

मरेने इंग्रजीत शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या. त्यातील पहिली जात म्हणजे नामाच्या पुढे बसणारे ए, अॅन, द हे तीन शब्द. ती मराठीत नाहीच. ती वगळली की आठ उरतात, आणि नाम, सर्वनाम, विशेषण करीत केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आपण जे आठ बोटांवर मोजत आलो ते हेच आठ. आपल्या जुन्या शास्त्रात नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग होते. मराठी शाळेतील हे आठ काशीहून आले नाहीत, विलायतेहून आले, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

दादोबांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. ग्रंथकाराचे वय बावीस. त्याच साली गंगाधरशास्त्री फडके यांचेही मराठी व्याकरण छापून निघाले. एक शास्त्री आणि एक इंग्रजी शाळेतला तरुण, दोघे एकाच वर्षी एकाच कामाला लागलेले होते, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. शाळा निघत होत्या आणि त्यांना पुस्तके हवी होती.

या सुमारासच दादोबा आपल्या माळव्यात आले. राजेंद्रनगरच्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग इंदूर, रतलाम करीत पुढे ज्या जावऱ्यास पोहोचतो, तेथील नबाबाचे शिक्षक म्हणून. तेव्हा आगगाडी नव्हती. हिंदुस्थानात ती धावली तीच 1853 साली. मुंबईहून माळवा म्हणजे घाट, नर्मदा आणि आठवड्यांची वाटचाल. जावऱ्याची कथा होळकरशाहीच्या वाचकांना सांगावयास नको. गफूरखान हे मूळ होळकरांच्या पदरचे सरदार. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणात त्यांनी काय केले याविषयी आपल्याकडे चांगले बोलले जात नाही. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि त्यात त्यांची जहागीर पक्की झाली. 1825 साली ते वारले तेव्हा मुलगा गौस महंमदखान अगदी लहान होता. या अल्पवयीन नबाबाला पढविण्यासाठी हा मुंबईचा तरुण आला होता.

शिष्याची भाषा मराठी नव्हे, आणि शिकवावयाची तीही मराठी नव्हे. दरबारात फारसीचा मान. ज्याने नुकतेच मराठीचे नियम कागदावर बसविले होते, त्याला तेथे तिसऱ्याच भाषेच्या आधाराने चौथी भाषा समजावून द्यावी लागली असणार. व्याकरणकाराला यापेक्षा चांगली तालीम कोणती? आपल्या भाषेत जे आपोआप जमते ते परक्या मुलाला का जमत नाही, याचे उत्तर मास्तराला शोधावे लागते.

आता मूळ अडचणीकडे वळू. इंग्रजी व्याकरणाचा पहिला धडा असा की, क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. मुलगा हा नियम पाठ करून घरी येतो आणि बोलतो काय? रामाने आंबा खाल्ला. रामाने पोळी खाल्ली. रामाने केळे खाल्ले. राम तोच, क्रियापद मात्र तीनदा बदलले. ते आंबा, पोळी आणि केळे यांच्या मागे गेले. रामाच्या जागी सीता बसवा, क्रियापद ढळत नाही. त्याहून पुढे जाऊन शिपायाने चोरांना पकडले असे म्हणा. येथे क्रियापद ना शिपायाचे ऐकते ना चोरांचे. ते आपले नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ उभे असते. मरेच्या साच्यात हे बसवावयाचे कसे? म्हणून दादोबांना संस्कृताकडे वळावे लागले. कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांवाचून मराठी वाक्याचा उलगडा होत नाही. 1850 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथ पुष्कळ वाढविला आणि संस्कृत परंपरेचा आधार अधिक घेतला. पहिल्या आवृत्तीतील इंग्रजी सांगाडा मोडला नाही. त्यावर मांस मात्र घरचे चढले.

उलट बाजूने हेच ज्ञान इंग्रजी शिकविताना कामी येते. मराठीत आंबा रामाने खाल्ला म्हटले तरी खाणारा रामच राहतो, कारण प्रत्यय त्याला घट्ट धरून असतो. इंग्रजीत शब्दांच्या जागा बदलल्या की आंबा रामाला खाऊन टाकतो. हे एकदा हसत हसत कळले की इंग्रजीत कर्ता आधी का शोधावा, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. मूळ इंग्रजी व्याकरणे इंग्रज मुलांसाठी लिहिलेली. त्यांत ही गोष्ट कशाला असेल?

माळव्यातून परतल्यावर 1840 च्या सुमारास दादोबा मुंबईच्या एल्फिन्स्टन शाळेत शिक्षक झाले, नंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. सुरतेस 1844 साली दुर्गाराम मेहताजी आदी मंडळींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईस परत येऊन शिक्षक तयार करणारा वर्ग चालविला. तेथेच 1849 साली जातिभेद न मानणारी परमहंस सभा निघाली, आणि तिचे ते अध्वर्यू होते. सभा गुप्त होती. 1860 मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि ती मोडली.

या घराण्याने इंग्रजी विद्येचा उपयोग केवळ नोकरीसाठी केला नाही. धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी 1841 साली बॉम्बे गॅझेट पत्रात कंपनी सरकारच्या कारभारावर निर्भीड इंग्रजी पत्रे लिहिली. दुसरे बंधू डॉक्टर आत्माराम यांच्या घरी 1867 साली प्रार्थनासमाज जन्मला. त्याच घरी 1878 मध्ये विलायतेस निघालेला सतरा वर्षांचा रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी बोलणे सुधारावे म्हणून राहिला, आणि त्याला शिकविणारी होती आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा.

दादोबांनी 1852 साली शाळा सोडली आणि डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरास गेले. 1857 च्या धामधुमीत भिल्लांच्या उठावाचा बंदोबस्त केल्याबद्दल त्यांना रावबहादूर पदवी मिळाली. पदवी त्यांना शोभली असेल. आम्हाला मात्र शाळा सोडल्याचेच वाईट वाटते. कारण त्याच 1852 साली विलायतेत मॉरेल या शिक्षणाधिकाऱ्याचे वाक्यपृथक्करणाचे पुस्तक निघाले. एकेक शब्द सुटा करण्याऐवजी वाक्याचे उद्देश्य कोणते, विधेय कोणते आणि कोणाचा विस्तार कोठवर, असे पाहण्याची ही पद्धत. पुढे ती आपल्या शाळांत रुजली. ती सुरू होत असताना दादोबा वर्गात असते, तर भावे प्रयोगातल्या वाक्याचे उद्देश्य कोणते, या प्रश्नावर त्यांनी काय वाद घातला असता, हे ऐकण्याजोगे झाले असते.

तो वाद दुसऱ्या एका मास्तराने पुढे नेला आणि तोही माळव्यातलाच. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवीत. त्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण 1911 साली निघाले. दादोबांपासून तोवर झालेल्या व्याकरणांची त्यांनी झडती घेतली, आणि प्रयोगांच्या प्रकरणात तर कोणाचीच गय केली नाही. जावरा आणि उज्जैन, दोन्ही गावे आपल्या दाराशी, पण मराठी व्याकरणाच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जात नाही.

आज राजेंद्रनगरातील मराठी घरातले मूल इंग्रजी वाक्याचे उद्देश्य आणि विधेय चटकन सांगते, शाळेत हिंदी व्याकरणही शिकते, आणि घरात आजीशी मराठीत बोलते. त्या मराठीचे व्याकरण त्याला कोणी शिकवीत नाही. दादोबा शाळेत होते तेव्हाही मराठी मुलाची स्थिती बरीचशी अशीच होती. तेव्हा पुस्तक लिहावयाचे होते. आता ते कपाटातून काढावयाचे आहे. राम ने आम खाया हे हिंदी वाक्य मुलाला येतच असते. त्याच्या शेजारी मराठी आणि इंग्रजी वाक्य लिहून क्रियापद कोठे कोणाचे ऐकते एवढे विचारले, तर अर्ध्या तासात तिन्ही भाषांचा स्वभाव त्याच्या ध्यानात येतो. आजीलाही त्यात गोडी वाटते.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर दादोबा पुन्हा पुस्तकांकडे आले. 1865 साली शाळेतल्या मुलांसाठी लघु व्याकरण काढले. 1878 साली स्वीडनबोर्ग या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर त्यांनी एक पुस्तक लिहिले, ते इंग्रजीत. मोठ्या व्याकरणाच्या आवृत्त्या निघतच होत्या, आणि प्रत्येक वेळी काही सुधारावयाचे राहून गेल्यासारखे त्यांना वाटत असावे. सदुसष्टाव्या वर्षी, 1881 मध्ये, त्यांनी त्या ग्रंथाला पूरणिका जोडली. पुढच्या वर्षी 17 ऑक्टोबर रोजी ते वारले. आत्मचरित्र अपुरेच राहिले होते, ते अ. का. प्रियोळकरांनी संपादून 1947 साली प्रसिद्ध केले.