खाशाबांनी ऑलिम्पिक पदक आणलं, पण त्या पदकासाठी लागलेले पैसे कसे फेडले?

१९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट बहुतेकांना माहिती आहे. पण या पदकामागे एक गहाण पडलेलं घर होतं आणि ते सोडवायला खाशाबांना परत आल्यावर पुन्हा आखाड्यात उतरावं लागलं होतं, हे फार कमी जणांना माहिती असतं.

सुरुवातीपासून बघूया.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते पुढे शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. पण कुस्ती काही फुकटात चालत नाही. पैलवानाला खुराक लागतो, वस्ताद लागतो, तालीम लागते. तालमीच्या रोजच्या खर्चातून कमाई काहीच होत नाही. मग हा खेळ टिकला कसा? एक म्हणजे राजाश्रय. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवान पोसले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. दुसरं म्हणजे कुस्त्यांची मैदानं. जत्रेला गावकरी वर्गणी काढायचे, मोठ्या मैदानाला तिकीट लागायचं आणि जिंकणाऱ्याला इनाम मिळायचं.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबांच्या कामी हाच राजाश्रय आला. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. मातीत तयार झालेला हा गडी तिथं मॅटवर खेळला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी पदक आणायचंच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण या चार वर्षांत चित्र बदललं. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. ज्या खजिन्यातून पैलवानांचा खर्च भागायचा, तो खजिनाच राहिला नाही. नव्या सरकारकडे मदतीसाठी खेटे घातले, पण पुरेसं काही हाती लागलं नाही.

मग गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरी पैसे कमीच पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. एका पोराच्या कुस्तीवर एका शिक्षकाने डोक्यावरचं छप्पर लावलं होतं.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा आणि मेक्सिकोच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. पुढं जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत झाली, त्यात ते हरले. हाच इशी नंतर सुवर्णपदक घेऊन गेला. या लढतीनंतर विश्रांती मिळायला हवी होती, पण खाशाबांना लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं गेलं. त्यांची बाजू मांडायला तिथं एकही भारतीय अधिकारी नव्हता. ती लढतही गेली, तरी कांस्यपदक पदरात पडलं.

गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण ऑलिम्पिकमध्ये रोख इनाम नसतं. पदक घरात आलं तरी प्राचार्यांचं घर गहाणच होतं.

मग खाशाबांनी पैलवानाला ठाऊक असलेला रस्ता धरला. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि जमलेल्या पैशांतून आधी खर्डेकरांचं देणं फेडलं. मॅटवरच्या पदकाची किंमत शेवटी लाल मातीनेच चुकवली.

१९५५ मध्ये ते पोलिसात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर.

त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. कुस्तीतलं पुढचं पदक तर थेट २००८ ला आलं. मधल्या ५६ वर्षांत महाराष्ट्रात चांगले पैलवान कमी नव्हते. पण प्रत्येकाला घर गहाण ठेवणारा खर्डेकर कुठून मिळणार?