दत्तक राजा : तंजावरचे सरफोजी महाराज

सरस्वती महाल ग्रंथालय आणि धन्वंतरी महाल यांमुळे सरफोजी महाराजांचे (१७७७-१८३२) नाव सर्वांना ठाऊक आहे. पण या विद्वान राजाचे बालपण गादीच्या भांडणात होरपळले, हे फारसे सांगितले जात नाही.

तंजावरच्या तुळजाराजांना वारस उरला नव्हता. म्हणून १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातील दुसऱ्या शाखेचा हा मुलगा दत्तक घेतला. दत्तविधान झाले की दत्तक तो औरस पुत्रासारखाच. साहजिकच तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांचा हक्क मागे पडला. कालपर्यंत कोणी दूरचा असलेला मुलगा एका दिवसात पुतण्याही झाला आणि प्रतिस्पर्धीही!

ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांना विचारले. एकुलता एक मुलगा दत्तक देता येत नाही, वयही चालत नाही, म्हणून दत्तक अवैध, असा निर्णय त्यांनी दिला आणि अमरसिंह गादीवर बसले. पुतण्याला अंधाऱ्या खोलीत कोंडल्याच्या तक्रारी मद्रासला गेल्या. मिशनरी श्वार्ट्झ यांनी मुलाची बाजू लावून धरली. अखेर १७९३ साली तुळजांच्या राण्यांसह त्याला मद्रासला हलवले. पुढे इतर पंडितांची मते मागवली, ती नेमकी उलट आली! शास्त्र तेच, निर्णय मात्र दोन. १७९८ साली सरफोजी राजे झाले. अमरसिंह मध्यार्जुनम् येथे जाऊन राहिले व १८०२ साली वारले.

घरच्या वादात परक्याला पंच केले की तो आपले मानधन घेतोच. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले.

१८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी इतिहास कोरला गेला. ज्याच्या कुळावर अकरा वर्षे वाद चालला, त्या राजाला आपली वंशावळ दगडात हवी होती, असे मला वाटते.

पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले, खाजगी मालमत्ताही घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा ठरवला. पुढे सरकारने मालमत्ता परत केली, तेव्हा तिच्यावरून राण्यांमध्येच वाद लागला आणि तो मद्रास हायकोर्टापर्यंत गेला.