दलालांच्या २६ दिवाळ्या



स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायच्या असंच मी ठरवलं होतं. पण त्या आपल्यातले बाकीचे माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी एका चित्रकाराबद्दल लिहिते. हा माणूस आपल्या शाळेचा नाही, जालन्याचाही नाही. तरी आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत नाहीतर रद्दीच्या गठ्ठ्यात, तो नक्की होता.

आमच्या घरी आजीच्या ट्रंकेत जुने दिवाळी अंक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ते बाहेर निघायचे. मुखपृष्ठावरच्या बाईची नथ, पदर, हातातलं निरांजन असं सगळं आम्ही बहिणी वहीच्या मागच्या पानावर काढायचो. चित्राच्या कोपऱ्यात तीन अक्षरांची सही असायची : दलाल. जालन्यात वाढलेल्या मुलीला दलाल म्हटलं की मोंढाच आठवणार! चित्रं काढणारे हे गृहस्थ दिवसा मोंढ्यात ज्वारीचे सौदे करतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आठवीत एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करताना चित्रकलेच्या सरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते पोट धरून हसले आणि मग त्यांनी मला दीनानाथ दलाल कोण ते सांगितलं.

दीनानाथ दामोदर दलाल यांचा जन्म ३० मे १९१६ चा, गोव्यातल्या मडगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. चित्रकला शिकायची तर मुंबई गाठायला हवी होती. तिथे केतकरांच्या कलावर्गात त्यांनी हात तयार केला आणि १९३७ मध्ये, २१ व्या वर्षी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टची जी. डी. आर्ट ही पदविका घेतली. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी गिरगावाजवळ केनेडी ब्रिजला स्वतःचा स्टुडिओ थाटला. दलाल आर्ट स्टुडिओ. स्वतंत्र चित्रकार म्हणून पोट भरायचं, हे त्यांनी अगदी सुरुवातीलाच ठरवून टाकलं.

आज आपण फ्रीलान्स म्हणतो ते हेच. पण तेव्हाचं काम कसं असायचं ते बघा. पुस्तकं खिळे जुळवून छापली जात. चित्राचा फोटो काढून त्यावरून धातूचा ब्लॉक तयार होई. दोन रंग हवे तर दोन ब्लॉक, चार हवे तर चार, आणि प्रत्येक ब्लॉकचा खर्च प्रकाशकाच्या खिशातून. त्यामुळे कमी रंगांत जास्त बोलणं हे मुखपृष्ठ करणाऱ्याचं खरं कसब. आम्ही सॉफ्टवेअरवाले कमी मेमरीत प्रोग्रॅम बसवायचो, त्यातलाच हा प्रकार. प्रकाशक कादंबरी घेऊन येणार, तारीख सांगणार, किंमत पाडून मागणार. त्यातून चित्र उभं करायचं. दलालांनी अशी हजारो मुखपृष्ठं केली. खांडेकरांच्या कादंबऱ्यांना त्यांनी चेहरा दिला. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’मधली चित्रंही त्यांचीच. आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे शिवाजी महाराज म्हटल्यावर जे उभं राहतं, त्यात दलालांच्या रेषेचा वाटा मोठा आहे.

पण दुसऱ्याच्या मजकुरासाठी चित्र काढणाऱ्याकडे बघायची समाजाची एक नजर असते. त्याला पूर्ण चित्रकार म्हणायला लोक कचरतात. त्यात काळही कसा होता बघा. १९४७ मध्ये मुंबईतच सूझा, रझा, हुसेन वगैरे तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझाही गोव्याचाच. कलेची चर्चा त्या बाजूला वळली. मुखपृष्ठं, कॅलेंडरं, जाहिराती करणारे दलाल, रघुवीर मुळगावकर, एस. एम. पंडित यांच्यावर कमर्शियल असा शिक्का बसला. लोकांनी मात्र घराघरांत यांचीच चित्रं भिंतीला लावली.

दलालांनी यातून स्वतःची वाट काढली, आणि माझ्या लेखी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. १९४५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने पाडली होती. पण चित्रकारानेच संपादक आणि मालक होऊन अंक काढावा, हे धाडस होतं. महायुद्ध नुकतंच संपत होतं आणि कागदाची टंचाई होती. तेव्हा मुंबईत इंग्रज, गोव्यात पोर्तुगीज आणि आपल्या जालन्यात निजाम. राज्यं तीन, पण दिवाळीला फराळाच्या ताटाशेजारी ठेवायचा अंक तिन्हीकडे एकच असू शकत होता.

दीपावलीत त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे मनासारखं काढायला पानं. वर्षभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची कामं, आणि दिवाळीला एखादा विषय धरून स्वतःची रंगीत चित्रमालिका. शृंगारनायिका काढाव्यात, लोकजीवनातल्या बायका काढाव्यात, कधी वास्तव शैलीत तर कधी जुन्या लघुचित्रांसारख्या सपाट, अलंकारिक शैलीत. तिथे विषय ठरवणारा प्रकाशक ते स्वतःच होते. दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. स्टुडिओत एकट्याने मान खाली घालून काम करणाऱ्या चित्रकाराभोवती कथाकार, कवी, व्यंगचित्रकार जमले. अंकासाठी लेखक लागतात, आणि लेखक आले की गप्पा आल्या, मतभेद आले, चहा आला.

याची किंमतही होतीच. अंकाचा मालक झालं की जाहिराती मिळवणं आलं, लेखकांचं मानधन आलं, छापखान्याचं बिल आलं. गणपती उठले की दिवाळी तोंडावर, आणि ही तारीख पुढे ढकलायची सोय नाही. डेडलाइन चुकली तर आम्ही रिलीज पुढे नेतो. लक्ष्मीपूजन पुढे नेता येत नाही. स्वातंत्र्यासाठी काढलेला अंक हाच त्यांचा सगळ्यात कडक साहेब झाला. १९४५ ते १९७० मोजल्या तर २६ दिवाळ्या होतात. त्यानंतरच्या संक्रांतीला लागूनच, १५ जानेवारी १९७१ ला दलाल गेले. वय अवघं ५४. अंक त्यांच्या मागेही निघत राहिला.

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे, ते सांगते.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण काही वर्षांपूर्वी नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रं काढते. मुलांच्या पुस्तकांसाठी, मासिकांसाठी, जालन्यात घरी बसून. मागच्या वर्षी तिने मला एक एक्सेल शीट करून मागितली. सकाळपासून किती तास खरं काम झालं, किती वाया गेले, ते भरायला. मी केली, त्यात रंगही घातले : सहा तासांच्या खाली लाल. महिन्याभराने तिचा फोन आला. आईजवळ दवाखान्यात बसले तो दिवस लाल, शेजारच्या मुलांना रांगोळी शिकवली तो दिवस लाल, नुसतंच खिडकीतून चिंचेचं झाड बघून काढलं तो दिवसही लाल. रात्री शीट उघडायची भीती वाटते, म्हणाली. मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्या ऑफिसात मीही पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब भरते. ती सवय मी तिच्या घरात नेऊन बसवली होती.

तेव्हा मी दलालांचं हे चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. त्यांच्या हातून इतकं काम झालं, त्याचं दडपण यावं असंच ते आहे. पण नायिकेच्या अंगावरचं लुगडं, बसायची ढब, कानातला दागिना हे टेबलाशी बसून सुचत नाही. त्यासाठी आधी कधीतरी रिकाम्या हाताने बघत बसावं लागतं. तो वेळ बिलात धरता येत नाही, पण चित्रात येतो. ती शीट आम्ही दोघींनी मिळून डिलीट केली. आता ती फक्त कामाची तारीख आणि ठरलेले पैसे एका वहीत लिहिते.

आणि पैशांवरून शेवटचं. या स्मरणिकेचं मुखपृष्ठ तिनेच करावं, असं सगळ्यांच्या मनात आलं, आणि घरचंच काम म्हणून पैशांचा विषय कोणी काढला नाही. मंडपवाला, छापखाना, जेवणाचा आचारी यांचे आकडे मात्र पहिल्याच मीटिंगला ठरले होते. मीही त्या मीटिंगला होते आणि गप्प बसले. ती नाही म्हणणार नव्हती. शाळेला कोण नाही म्हणतं? पुढच्या मीटिंगला मी दलालांची गोष्ट सांगितली. थोडा वाद झाला, आपल्यात होतो तसाच. मग वर्गणीतून तिचं मानधन ठरलं. त्यातले काही तिने शाळेच्या चित्रकला वर्गाला रंगांसाठी दिले, तो तिचा प्रश्न.

आता अंक मिटून मुखपृष्ठ एकदा नीट बघा. शाळेचं फाटक आहे, चिंचेचं झाड आहे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे. ती छोटी नको, ठळक कर, असं तिला सांगणारी मीच.