मेजर कँडी आणि शब्द तोडण्याची गोष्ट

आपण मुलांना विरामचिन्हं शिकवतो. ती मराठीत रुळवली मेजर थॉमस कँडी यांनी, हे मुलांना जरूर सांगा.

कँडींचा जन्म इंग्लंडमधला, 1804 चा. ऐन तारुण्यात ते लष्करी अधिकारी म्हणून इकडे आले आणि मराठी शिकले. जुळे भाऊ जॉर्ज यांच्यासह त्यांनी मोल्सवर्थसाहेबांना मराठी-इंग्रजी कोशात मदत केली. तो 1831 मध्ये निघाला. पुढे इंग्रजी-मराठी कोश अर्धवट टाकून मोल्सवर्थ आजारपणामुळे मायदेशी गेले. तो कँडींनी पुरा केला, 1847 मध्ये. एका कामाला किती वर्षं दिली बघा!

त्या काळी मोडीत शब्द सलग लिहीत. कुठे थांबायचं, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. कँडींनी 1850 मध्ये विरामचिन्हांवर मराठीत पुस्तकच काढलं. सरकारी भाषांतरं, शाळेची पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. त्यांच्या मराठीला इंग्रजी वळण आहे अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच खोटी नाही. 1877 मध्ये ते वारले.

आपला तुळजापूरचा मुलूख, म्हणजे धाराशिव, तेव्हा निजामाकडे. 1853 ते 1860 एवढीच वर्षं इंग्रजांकडे होता.

आता वर्गातली खरी अडचण. विरामचिन्ह वाक्य तोडून दाखवतं; शब्द आतून कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा, हे देवनागरीत दिसत नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन, म्हणून आपली पोरं इंग्रजी शब्दही सपाट वाचतात. ‘ब्लॅकबोर्ड’ घ्या. फळा म्हणायचा असेल तर जोर ‘ब्लॅक’वर. ‘ब्लॅक बोर्ड’ म्हणजे नुसता काळ्या रंगाचा बोर्ड, तेव्हा जोर ‘बोर्ड’वर. जोर हलला की अर्थ हलला!

कायद्याच्या कागदांतला ‘नॉटविदस्टँडिंग’ हा शब्द तर मुलं बघूनच घाबरतात. तो फळ्यावर तोडून लिहा: नॉट-विद-स्टँड-इंग. चार तुकडे, मुख्य जोर तिसऱ्यावर. त्या तुकड्याखाली रेघ मारा, टाळी तिथेच मोठी वाजवायला सांगा. दोन-तीन वेळा म्हणून घेतलं की मागच्या बाकावरचं पोरगंही न अडखळता वाचतं.