शिक्षक-शास्त्रज्ञ ओहम

बटण दाबताच दिवा उजळतो, पंखा फिरू लागतो, इस्त्री तापते. यांपैकी प्रत्येक उपकरणातून किती वीज वाहावी, त्यासाठी तार जाड असावी की बारीक, लांब असावी की आखूड, हे सारे आधी हिशेब करून ठरविलेले असते. हा हिशेब ज्या नियमावर उभा आहे, तो इतका साधा आहे की शाळेतील विद्यार्थ्यालाही तो एका ओळीत लिहिता येतो. परंतु ती एक ओळ लिहिता यावी म्हणून एका गरीब शाळामास्तराने आपल्या उमेदीची वर्षे खर्ची घातली आणि ती लिहिल्यानंतर तिचा जाहीर गौरव होईपर्यंत त्याला आणखी चौदा वर्षे वाट पाहावी लागली. त्या शिक्षकाचे नाव गेओर्ग सायमन ओहम.

ओहमचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्याचे वडील कुलपे तयार करणारे कारागीर होते. त्यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. तथापि स्वतःच्या परिश्रमाने त्यांनी गणिताचे व पदार्थविज्ञानाचे चांगले ज्ञान मिळविले होते. ओहम दांपत्यास सात अपत्ये झाली. त्यांपैकी गेओर्ग, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन व एक बहीण एवढीच वाचली. गेओर्ग दहा वर्षांचा असताना त्याची आई निवर्तली. मुलांना वाढविण्याचा आणि शिकविण्याचा भार वडिलांनी एकट्याने उचलला. दोघा मुलांना त्यांनी स्वतः गणित शिकविले. मुले एवढी तयार झाली की, गेओर्ग पंधरा वर्षांचा असताना विद्यापीठातील लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकाने त्याची परीक्षा घेतली आणि या भावांची तुलना बेर्नुली या प्रख्यात गणिती घराण्याशी केली. धातू कापणे, कानस चालविणे, अचूक माप घेणे ही कारागिराची विद्याही गेओर्गने घरीच आत्मसात केली. पुढे प्रयोगाची उपकरणे उभारताना ती त्याच्या फार कामी आली.

1805 साली ओहम एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. परंतु तेथे त्याचे लक्ष अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरण्याचा खेळ यांतच अधिक रमले. ज्या संधीसाठी आपण जन्मभर आसुसलो, ती मुलगा वाया घालवीत आहे हे पाहून वडिलांना संताप आला. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढले. दीड वर्षातच शिक्षण सुटलेला हा तरुण 1806 साली स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. परदेशातील त्या एकांतात त्याला आपल्या जबाबदारीची जाणीव झाली. शिकवीत असतानाच त्याने ऑयलर व लाप्लास या थोर गणितज्ञांचे ग्रंथ कोणाच्याही मदतीवाचून वाचून काढले. 1811 साली तो स्वदेशी परतला आणि त्याच वर्षी एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी त्याने मिळविली.

पदवी मिळाली, परंतु दारिद्र्य हटले नाही. विद्यापीठातील अध्यापनावर पोट भरेना. म्हणून 1813 पासून तो बांबेर्ग येथील शाळांत अल्प वेतनावर शिकवू लागला. तेथे त्याचे मन रमले नाही. पण हाती घेतलेले काम त्याने सोडले नाही. भूमितीच्या अध्यापनावर त्याने एक पुस्तक लिहिले. हे पुस्तक त्याने प्रशियाच्या राजाकडे पाठविले आणि 1817 साली त्याला कोलोन येथील एका नामांकित विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. या विद्यालयाची प्रयोगशाळा उत्तम होती. ओहमच्या जीवनाला खरे वळण लागले ते येथेच.

त्या काळी विजेविषयीचे ज्ञान दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेले होते. काच रेशमावर घासली असता तिच्यावर विजेचा भार साठतो. असे दोन भार एकमेकांना ढकलतात किंवा ओढतात. या स्थिर विजेचा अभ्यास पुष्कळ झाला होता आणि फ्रान्समधील कुलोम या शास्त्रज्ञाने तारेच्या पिळावर चालणारा नाजूक तराजू योजून त्या ओढीचे मापही घेतले होते. दुसरीकडे, इटलीतील व्होल्टाने 1800 साली घटमाला तयार केली होती. तिच्यामुळे तारेतून सतत वाहणारी वीज प्रथमच माणसाच्या हाती आली. 1820 साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड याला असे दिसून आले की, तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळची चुंबकसूची वळते. युरोपभर प्रयोगांची एकच लाट उसळली. परंतु तारेतून किती वीज वाहते, आणि ती कमीअधिक का होते, याचे नेमके उत्तर कोणापाशीच नव्हते. ओहमने हाच प्रश्न हाती घेतला.

विद्यालयातील तास संपल्यावर तो प्रयोगाला बसे. चुंबकसूची जेवढी अधिक वळेल, तेवढी वीज अधिक, हे सूत्र धरून त्याने निरनिराळ्या लांबीच्या तारा पारखण्यास आरंभ केला. पण त्याच्या घटात एक दोष होता. जोडणी पुरी होताच घटाचा जोर एकदम वाढे आणि मग हळूहळू घटत जाई. जे माप घ्यावयाचे, ते मोजण्यापूर्वीच बदले. 1825 साली त्याने आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दिलेले सूत्र बरोबर नव्हते. छापून गेलेल्या सूत्राला चिकटून राहणे सोपे होते. ओहमने तसे केले नाही. आपले सूत्र पुन्हा पारखून पाहण्यासाठी तो नव्या तयारीला लागला.

याच सुमारास पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला एक मोलाची सूचना केली. दोन भिन्न धातूंचे सांधे जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून वीज वाहते, असे झेबेक या शास्त्रज्ञाने नुकतेच दाखवून दिले होते. रासायनिक घटाऐवजी हे साधन वापरावे, अशी ती सूचना होती. ओहमने बिस्मथ आणि तांबे या धातूंचे सांधे तयार केले. एक सांधा त्याने उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोहोंच्या तपमानांत फरक पडत नाही. म्हणून विजेचा जोरही ढळत नाही. ज्या स्थैर्याचा त्याला शोध होता, ते असे साध्या पाण्यातून आणि बर्फातून हाती आले.

विजेचे माप घेण्यासाठी त्याने कुलोमच्या तराजूचे तत्त्व उचलले. सोन्याच्या चपट्या तारेला त्याने चुंबकसूची टांगली. वीज वाहू लागली की सूची वळे. मग वरून तारेला पीळ देऊन ती पुन्हा मूळ जागी आणावयाची. जेवढा पीळ द्यावा लागे, तेवढी विजेची शक्ती. 1826 च्या आरंभी त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार 2 इंचांची होती व सर्वांत लांब 130 इंचांची. एकेक तार जोडून तो पिळाचे आकडे टिपू लागला.

आकड्यांनी एक कोडे घातले. लांब तार आखूड तारेच्या पासष्ट पट होती. मग तिच्यातील प्रवाह पासष्टावा हिस्सा भरावयास हवा होता. प्रत्यक्षात तो सातव्या हिश्श्याहूनही थोडा अधिकच भरला. येथे ओहमची सूक्ष्म दृष्टी दिसून येते. वीज केवळ त्या तारेतून वाहत नाही. धातूचे सांधे, जोडपट्ट्या आणि तार अशा संपूर्ण मंडलातून ती फिरते. तेव्हा उरलेल्या मंडलाचा अडथळाही हिशेबात धरला पाहिजे. तो अडथळा सुमारे 20 इंच तारेएवढा आहे असे धरताच आठही तारांचे आकडे एका सूत्रात चपखल बसले. विजेचा प्रवाह जोराच्या प्रमाणात वाढतो आणि संपूर्ण मंडलातील अडथळ्याच्या प्रमाणात घटतो, हेच ते सूत्र होय.

पाण्याच्या दृष्टांताने हा नियम सहज उमगतो. उंचावरील टाकीतून नळाने पाणी खाली येते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक आणि धारही मोठी. उलट नळ जितका लांब आणि अरुंद, तितकी धार बारीक. विजेचेही तसेच आहे. आज विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि अडथळा, म्हणजेच रोध, ओहममध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. 12 व्होल्टच्या घटाला 6 ओहम रोधाची तार जोडली, तर तिच्यातून 2 अँपिअर प्रवाह वाहील. तीच तार दुप्पट लांब केली, तर रोध 12 ओहम होईल आणि प्रवाह 1 अँपिअरवर येईल. धातूच्या तारेचे तपमान बदलले तर तिचा रोधही बदलतो. म्हणून हा हिशेब करताना तपमान कायम आहे असे धरावे लागते.

विद्यालयातून अर्ध्या पगारावर रजा घेऊन ओहम बर्लिनला भावाकडे जाऊन राहिला आणि तेथे 1827 साली त्याने विद्युन्मंडलाचे गणिती विवेचन करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तापलेल्या सळईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उष्णता ज्या रीतीने वाहते, तिचे गणित फ्रान्समधील फूरिए याने मांडले होते. ओहमने त्याच धर्तीवर विजेचा विचार केला. तारेच्या दोन टोकांवरील विद्युत्स्थितीत भेद असतो म्हणून वीज वाहते, असे त्याने प्रतिपादन केले. स्थिर वीज आणि वाहती वीज या दोन कप्प्यांमधील भिंत पाडण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता.

या ग्रंथाच्या बळावर एखाद्या विद्यापीठात आपल्याला मानाचे स्थान मिळेल, अशी ओहमची अपेक्षा होती. ती विफल झाली. पदार्थविज्ञानात इतके गणित आणणे त्या काळच्या अनेक जर्मन विद्वानांना रुचत नसे. ज्यांना गणित येत होते, त्यांना प्रयोगाची गोडी नव्हती; जे प्रयोग करीत, त्यांना गणित दुर्बोध वाटे. पोल नावाच्या एका टीकाकाराने तर ग्रंथावर कठोर हल्ला चढविला. निराश झालेल्या ओहमने 1828 साली कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढील पाच वर्षे बर्लिनमध्ये आठवड्यातून थोडे तास गणित शिकवून त्याने कशीबशी गुजराण केली. ज्या प्रयोगशाळेत त्याने आपला नियम शोधला, ती मागे राहिली होती आणि पुढची वाट दिसत नव्हती.

1833 साली न्यूरेंबर्ग येथील तंत्रविद्यालयात त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. 1839 साली तो त्या संस्थेचा प्रमुख झाला. या काळात त्याच्या नियमाची कीर्ती हळूहळू पसरत होती. जर्मनीत फेखनर याने आणि फ्रान्समध्ये पुइये याने केलेल्या प्रयोगांतून नियमाला पुष्टी मिळाली. दूरवर संदेश नेणाऱ्या तारायंत्राची उभारणी सुरू झाली होती आणि मैलोगणती लांबीच्या तारेतून किती प्रवाह पोहोचेल, हे ओहमच्या नियमावाचून सांगता येत नव्हते. व्यवहाराची गरज आणि शास्त्राचे सत्य यांची अशी गाठ पडली. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले मानाचे कॉप्ली पदक ओहमला अर्पण केले. स्वदेशाने दुर्लक्षिलेल्या शिक्षकाचा हा गौरव परदेशाने केला. त्याच वर्षी त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. पुढे किर्खहोफ या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने 1845 साली अनेक फाटे असलेल्या विद्युन्मंडलांचे नियम मांडले आणि ओहमच्या विचाराला स्थिर विजेच्या सिद्धांताशी पक्के जोडून दिले.

ओहमने मात्र आपले काम थांबविले नाही. ध्वनीच्या अभ्यासाकडे वळून त्याने 1843 साली असे मत मांडले की, मिश्र ध्वनीतील निरनिराळे साधे सूर मनुष्याचा कान वेगळे करून ओळखतो. 1849 साली त्याला म्यूनिक येथे पाचारण करण्यात आले. तेथील विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे मुख्य प्राध्यापकपद त्याला 1852 साली मिळाले. तारुण्यापासून ज्या पदाची त्याने आस बाळगली, ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याच्याकडे चालत आले. त्या पदाचा लाभ त्याला जेमतेम दोनच वर्षे झाला. 6 जुलै 1854 रोजी म्यूनिक येथे त्याचे देहावसान झाले. तो अखेरपर्यंत अविवाहित होता.

1881 साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत्परिषदेत विजेच्या मापांची नावे ठरविण्यात आली. दाबाच्या मापाला व्होल्टाचे, प्रवाहाच्या मापाला अँपिअरचे आणि रोधाच्या मापाला ओहमचे नाव देण्यात आले. एका कुलूप करणाऱ्याच्या मुलाचे नाव अशा रीतीने साऱ्या जगाच्या व्यवहारात रूढ झाले.

ओहमपाशी संपत्ती नव्हती, मोठ्यांचा आश्रय नव्हता आणि दीर्घकाळ विद्यापीठाचे छत्रही नव्हते. आकडे जुळले नाहीत तेव्हा त्याने आकड्यांना दोष दिला नाही. आपले उपकरण सुधारले आणि आपले छापील सूत्रही बदलले. लोकांनी नाकारले तेव्हा मात्र त्याने नियम बदलला नाही, कारण तो प्रयोगाच्या कसोटीला उतरला होता. चूक कोठे सोडावी आणि सत्याला कोठे घट्ट धरावे, हा विवेक हेच त्याचे खरे मोठेपण होय.