खानखानान रहीम यांची चित्रमय पोथी

कुंडी भंडाऱ्याचे पाणी ज्यांच्या सुभेदारीत बऱ्हाणपुरात खेळविले गेले, त्या खानखानान अब्दुर्रहीम यांची ओळख आमच्या वाचकांस नव्याने करून द्यावयास नको. त्यांचे दोहे शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. तथापि त्यांची चित्रकलेची आवड मात्र आम्हां बऱ्हाणपूरकरांस फारशी परिचयाची नाही.

रहीम यांचा जन्म १५५६ साली लाहोर येथे झाला. १५६१ मध्ये पिता बैरामखान गुजरातेत पाटण येथे मारले गेले आणि अवघ्या चार वर्षांच्या या पोरक्या बालकास अकबराने आश्रय दिला. पुढे गुजरातेतील विजयाबद्दल १५८४ साली पित्याचाच ‘खानखानान’ हा किताब त्यांना लाभला.

अकबराने वाल्मीकिरामायणाचे फारसी भाषांतर करवून त्याची सचित्र पोथी सिद्ध केली होती. ती पाहून रहीम यांना तशीच आपल्या संग्रही असावी असे वाटले. बादशहाची अनुज्ञा घेऊन त्यांनी स्वतःच्या चित्रकारांकडून ती करविली. एकीकडे दक्षिणेत तलवार चालत होती, आणि त्याच वर्षांत दुसरीकडे पानामागून पान रंगत होते! सुमारे १३० चित्रे त्या पोथीत आहेत.

जाणकार पुष्कळ दिवस या चित्रांस दुय्यम लेखीत. बादशाही चित्रांतील दाट गर्दी व नाजूक रेखाकाम येथे नाही, हे खरे. पण म्हणून ती उणी कशी? माणसे मोजकी, रंगांचे पट्टे मोकळे व ठळक. त्यामुळे प्रसंग एका दृष्टिक्षेपात उमगतो. राक्षसांना फारसी चित्रांतील देवांची, म्हणजे दैत्यांची, शिंगे फुटलेली पाहून तर आम्हांस मौज वाटते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी झाडाच्या सालीवर गेरू व पांढरी माती यांनी चित्रे काढतात. तीही संग्रहालयांतून फार काळ केवळ नवलाच्या वस्तू म्हणून मांडली जात. परक्या मापाने मोजले की चित्र दिसतच नाही, असे आमचे मत आहे.

रहीम यांच्या पदरी चित्रकार, लेखनिक व कवी यांचा मोठा मेळा होता. त्याची हकीकत अब्दुल बाकी नहावंदी यांनी १६१६ साली पुरी केलेल्या ‘मआसिर-ए-रहीमी’ या ग्रंथात नमूद केली आहे.

उतारवय मात्र दुःखाचे गेले. कर्तबगार पुत्र शाहनवाजखान १६१९ मध्ये वारला. उतावळी नदीकाठची त्याची देखणी कबर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. दुसरा पुत्र दाराबखान जहांगीराच्या आज्ञेने मारला गेला. १६२७ साली दिल्लीत रहीम निवर्तले आणि पत्नीसाठी स्वतःच बांधविलेल्या मकबऱ्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

पोथी हस्ते परहस्ते फिरत राहिली. १९०७ साली चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन संग्राहकाने ती विकत घेतली. आज ती वॉशिंग्टन येथील संग्रहालयात आहे. तिच्या पानांवर चित्रकारांची नावे नोंदलेली आहेत. फजल, कासिम, मुश्फिक, आणि त्यांच्याच पंक्तीस श्यामसुंदर.